ठसठशीत मुखप्रसाधन

ठसठशीत मुखप्रसाधन : रोजच्या साध्या मेकअपमध्ये भुवया, डोळे आणि ओठ यांच्या कडा स्पष्ट करून चेहरा उठावदार करण्याची पद्धत. मराठीत ‘ठसठशीत’ आणि ‘भडक’ यांत फरक केला जातो. रंग नको तितका वाढला की प्रसाधन भडक होते. कड नेमकी आली की ठसठशीत. या कामाला ‘कोरणे’ हे क्रियापद रूढ आहे : कुंकू कोरतात, चंद्रकोर कोरतात, भुवया कोरतात.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात रोजच्या प्रसाधनातील सर्वांत ठळक खूण म्हणजे कुंकू. ते लावण्याआधी फणेरपेटीच्या आरशात पाहून अनामिकेने कपाळावर मेणाचा वाटोळा ठिपका देत, त्यावर कोरडे कुंकू दाबत आणि भोवती सांडलेली भुकटी पुसून घेत. भुकटी मेणापुरतीच धरत असल्याने कड रेखीव येई आणि घामाने कुंकू ओघळत नसे. पुढे गंधाची बाटली आली, मग चिकटणारी टिकली. डोळ्यांसाठी काजळ घरीच धरले जाई : तुपाच्या किंवा एरंडेलाच्या ज्योतीवर ताटली पालथी धरून जमलेली काजळी तुपात खलत. कपाळावर, गालावर किंवा हनुवटीवर काढलेले गोंदण ही तर कायमची कोरलेली खूण. कारखान्यात तयार झालेल्या देशी प्रसाधनांपैकी टाटा समूहाची ‘लॅक्मे’ १९५२ साली बाजारात आली.

तत्त्व : चेहरा ठळक दिसतो तो त्वचा आणि तिच्यावरील अवयव यांच्यातील उजेड-अंधाराच्या फरकामुळे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांनी २००९ मध्ये दाखवले, की डोळे व ओठ आणि भोवतालची त्वचा यांतील हा फरक पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या चेहऱ्यात अधिक असतो आणि प्रसाधनाने तो आणखी वाढतो. म्हणून सगळ्या चेहऱ्यावर थर चढवण्यापेक्षा भुवया, पापण्यांची मुळे आणि ओठांची कड या तीन ठिकाणी केलेले थोडे काम जास्त दिसते.

कृती : फाउंडेशनची छटा जबड्याच्या कडेला लावून, दारातल्या उजेडात पारखतात. सावळ्या त्वचेवर फिकी छटा राखाडी पडते आणि चेहरा पीठ फासल्यासारखा दिसतो. भुवया दोऱ्याने कोरताना दोऱ्याचे एक टोक दातांत धरतात, पीळ केसांवरून सरकवतात आणि मुख्यतः कमानीखालचे केस काढतात. वरची कड शक्यतो तशीच ठेवतात. विरळ जागा पेन्सिलीच्या बारीक, केसांच्या दिशेने ओढलेल्या रेघांनी भरतात. लायनरची रेघ पापण्यांच्या मुळाशी चिकटून काढतात. मध्ये त्वचेची फट राहिली तर डोळा उठत नाही. मस्करा मुळापासून टोकाकडे लावतात. ओठांची कड लिपस्टिकच्याच छटेच्या पेन्सिलीने आखून आत रंग भरतात, टिश्यू पेपरने टिपतात आणि दुसरा पातळ थर देतात. ब्लश शेवटी, बेताने.

हवामान : यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा या तालुक्याच्या गावी उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आणि लग्नसराईही नेमकी त्याच दिवसांत येते. अशा हवेत जाड थर घामाने फाटतो, काजळ डोळ्यांखाली पसरते आणि आधी बिघडते ती कडच. त्यावर उपाय म्हणजे क्रीमचा थर पातळ ठेवणे, नाक व कपाळ यांवर पावडर थापटून बसवणे, आणि काजळाच्या रेघेवर काळी आयशॅडो दाबणे. तेलकट रेघेवर कोरडी भुकटी बसवण्याची ही रीत कुंकवाखालच्या मेणाचीच आठवण करून देते. घाम आल्यास तो पुसत नाहीत, टिपतात.

सुरक्षितता : पारंपरिक सुरम्यात शिशाचे खनिज वापरले जाई. शिसे व आर्सेनिक यांच्या संयुगांनी प्रसाधनांना रंग देण्यास भारतात मनाई आहे. ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ नुसार नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत दहा लाख भागांत ७० भाग, तर इतर प्रसाधनांत १ भाग आहे. आठवडी बाजारात सुटी मिळणारी, वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक वा मुदत नसलेली काजळे टाळावीत. उघडलेला मस्करा साधारण तीन महिन्यांनी बदलावा आणि काजळाची कांडी एकमेकींत फिरवू नये. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. झोपण्यापूर्वी सर्व प्रसाधन उतरवावे. डोळ्यांवरचे तेलकट थर आधी खोबरेल किंवा क्लीन्झरने सैल करून मऊ कापसाने, न चोळता टिपून घ्यावेत.