कणांचा आकार : दाणेदार पदार्थांच्या संगणकीय प्रतिरूपणात

वाळू, खडी, धान्य, औषधाच्या गोळ्या हे सुट्या दाण्यांचे पदार्थ कसे वाहतात, साचतात आणि भार पेलतात, हे संगणकावर प्रत्येक दाण्याचा स्वतंत्र हिशेब ठेवून अभ्यासता येते. या हिशेबात दाण्याला जे भौमितिक रूप दिले जाते तो प्रतिरूपणातील कणाकार. आकारमान म्हणजे दाणा केवढा. आकार म्हणजे तो गोल, चपटा, लांबट की टोकदार.

या पद्धतीला विलग घटक पद्धत किंवा डीईएम म्हणतात. पीटर कंडॉल यांनी ती 1971 मध्ये भेगाळलेल्या खडकाच्या ठोकळ्यांसाठी मांडली. पुढे 1979 मध्ये ओटो स्ट्रॅक यांच्यासह त्यांनी चकत्यांच्या समूहावर ती दाखवली आणि बहुतेकांनी गोल दाण्यांचा तोच सोपा मार्ग धरला. कारण उघड आहे. दोन गोल परस्परांना टेकले की नाही हे ठरवायला केंद्रांमधले अंतर आणि त्रिज्यांची बेरीज पुरते. दोन टोकदार दगडांसाठी कोपरे, कडा आणि पृष्ठे यांच्या सगळ्या जोड्या तपासाव्या लागतात, आणि हे काम सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशागणिक पुन्हा करावे लागते.

मात्र गोलाने एक महत्त्वाची गोष्ट हरवते. गोलावरचा लंब दाब नेहमी त्याच्या केंद्रातून जातो, म्हणून तो दाब गोलाला फिरवू शकत नाही आणि फिरणाऱ्या गोलाला रोखूही शकत नाही. फिरवते ते फक्त घर्षण. वेड्यावाकड्या दगडावर हाच दाब केंद्राला चुकवून बाजूने जातो आणि त्याला फिरवणारे आघूर्ण देतो. शेजारच्या दगडाचा कोपरा खाचेत अडकला की फिरणे थांबते. खडीचा ढीग उभा राहतो तो बराचसा या अडकण्यामुळे. घर्षणांक तोच ठेवून गोल टाकले तर ढीग पसरतो, उतार कमी भरतो आणि कातरबल खऱ्यापेक्षा कमी निघते. भरणीवरही आकाराचा परिणाम होतो. सारखे गोल कसेही ओतून हलवले तर जागेचा सुमारे 64 टक्के भाग व्यापतात. लंबगोल दाणे त्याहून दाट बसतात, हे 2004 मध्ये प्रयोगाने आणि गणनेने दिसले.

खऱ्या खडीचा आकार कसा बदलतो, याचे चेन्नईच्या दक्षिणेचे तांबरम हे चांगले उदाहरण आहे. 2021 मध्ये झालेल्या तांबरम महापालिकेत पल्लावरमही येते. सेंट थॉमस माउंट ते पल्लावरम हा टापू चार्नोकाइट या कठीण, काळपट खडकाचा मूळ नमुनाप्रदेश आहे. भूवैज्ञानिक टी. एच. हॉलंड यांनी या खडकाला कोलकात्याच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉब चार्नॉकचे नाव दिले, कारण चार्नॉकच्या कबरीवरचा दगड याच जातीचा होता. याच पट्ट्यातल्या खाणींतून शहराच्या बांधकामाला खडी मिळाली. तमिळमध्ये तिला जल्ली म्हणतात, व्यापारात ब्लू मेटल. क्रशरमधून निघालेला दगड टोकदारच असतो, पण जबड्याचा क्रशर चपट्या कपच्या जास्त पाडतो, तर उभ्या दांड्याचा आघाती क्रशर घनाकृती दाणे देतो. एकाच खडकातून दोन वेगळे कणाकार निघतात, आणि प्रतिरूपणात केवळ खडकाचे गुणधर्म भरून हा फरक येत नाही.

तांबरम स्थानकातून 1931 पासून विजेच्या लोकल धावतात. अशा रुळांखालची खडी हे डीईएमचे लाडके क्षेत्र आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. 45 मिलिमीटरच्या दगडांची एक घनमीटर खडी म्हणजे सुमारे बारा हजार दगड. तेवढ्यांना खरा आकार देणे आजच्या संगणकाला झेपते. एक मिलिमीटरच्या वाळूचा घनमीटर घेतला तर दाणे शंभर कोटींच्या वर जातात.

आकार देण्याचे मार्ग अनेक आहेत. अनेक गोल एकमेकांत घुसवून घट्ट जोडले की गुच्छ होतो. तो लोकप्रिय आहे, पण त्याचा पृष्ठभाग नकळत खडबडीत होतो आणि गोल जिथे एकमेकांत शिरतात तिथले वस्तुमान दोनदा मोजले जाण्याचा धोका असतो. लिम आणि मॅकडॉवेल यांनी 2005 मध्ये रेल्वेच्या खडीसाठी आठ गोलांचे गुच्छ वापरले. बहुपृष्ठकात, म्हणजे सपाट पृष्ठांच्या घनाकारात, कडा खऱ्या उतरतात, मात्र वेळ जास्त लागतो. अतिलंबगोल, म्हणजे लंबगोलाच्या सूत्राचा विस्तार करून मिळणारे आकार, गुळगुळीत दाण्यांना, म्हणजे तांदूळ किंवा गोळ्यांना, शोभतात. क्ष-किरण सीटी स्कॅनवरून प्रत्यक्ष दाण्याची प्रत घेण्याची पद्धतही आता आहे.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे गोलच ठेवून त्याला कृत्रिम लोळण-रोध देणे. ढिगाचा उतार जुळेपर्यंत हा आकडा फिरवला जातो. गोदामातल्या ओघासाठी तो चालतो, पण एका चाचणीवर जुळवलेला आकडा दुसऱ्या भारासाठी तसाच टिकेल अशी हमी नसते. वारंवार गाडी जाऊन खडी कशी खचते, किंवा चपटे दगड कसे आडवे बसतात, हे तो सांगू शकत नाही. लोळण-रोधाला आकाराचा पर्याय मानणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण ती उत्तर चुकल्यावरच दिसते.

आकाराचे मोजमाप मात्र अवघड नाही. हॅकन वॅडेल यांनी 1930च्या दशकातच गोलपणा आणि कोपऱ्यांची गोलाई या दोन वेगळ्या मापांची मांडणी केली. भारतीय मानक 2386 च्या पहिल्या भागात सरासरी मापाच्या 0.6 पेक्षा कमी जाडीचा दगड चपटा आणि 1.8 पटीपेक्षा जास्त लांबीचा दगड लांबट ठरतो. त्यासाठी लागणारे गेज रस्तेकामाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत असते आणि चाचणीला निदान 200 दगड लागतात. खडीचे प्रतिरूपण करणाऱ्याने संगणकाला हात लावण्याआधी आपल्या खाणीतले हे 200 दगड मोजावेत.