मदत खरोखर मदत ठरते का? : केंब्रिज-सॉमरविल प्रयोगाचा इतिहास

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वीस-बावीस विद्यार्थ्यांमागे एक पालक-शिक्षक असतो. हे काम मी काही वर्षे करते आहे. महिन्यातून एकदोनदा मुलांना भेटायचे, हजेरी आणि गुण पाहायचे, घरची काही अडचण असेल तर ऐकून घ्यायची. वर्षअखेरीस मुले एक अर्ज भरतात. त्यात 'मार्गदर्शनाचा उपयोग झाला का?' असा प्रश्न असतो आणि बहुतेक जण 'हो' लिहितात. ते वाचून बरे वाटते. पण त्या 'हो'वरून नेमके काय सिद्ध होते?

हाच प्रश्न अमेरिकेत १९३०च्या दशकात एका डॉक्टरने विचारला. त्याचा विषय अधिक गंभीर होता : गुन्हेगारीकडे वळण्याची शक्यता असलेली मुले. त्याने उभारलेला प्रयोग समुपदेशन आणि पुनर्वसनाच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. त्याचे उत्तर मात्र कोणालाच अपेक्षित नव्हते.

१. पार्श्वभूमी

१८९९ मध्ये शिकागो येथे अमेरिकेतील पहिले बालन्यायालय सुरू झाले. मुलाला शिक्षा देण्याऐवजी त्याला सुधारावे, हा त्यामागचा विचार. पण सुधारायचे तर मूल असे का वागते हे कळायला हवे. त्यासाठी विल्यम हीली या डॉक्टरने १९०९ मध्ये शिकागोतच बालगुन्हेगारांच्या अभ्यासाचे केंद्र काढले. १९१७ मध्ये ऑगस्टा ब्रॉनर यांच्यासह त्यांनी बोस्टनमध्ये तसेच काम सुरू केले. मुलाची शारीरिक तपासणी, बुद्धिमापन, घरची माहिती आणि त्याच्याशी निवांत बोलणे, असे त्याचे स्वरूप होते. आज ज्याला बालमार्गदर्शन म्हणतात ते येथूनच आकाराला आले.

१९३४ मध्ये शेल्डन आणि एलिनॉर ग्लुएक या हार्वर्डच्या अभ्यासक दांपत्याने बोस्टनच्या एक हजार बालगुन्हेगारांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. न्यायालय आणि चिकित्सालय या दोन्हींतून गेल्यानंतरच्या पाच वर्षांत सुमारे ८८ टक्के मुलांनी पुन्हा गुन्हे केले होते. सगळ्यांनाच तो धक्का होता.

२. कॅबट यांची योजना

डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट हार्वर्डमध्ये वैद्यक आणि सामाजिक नीतिशास्त्र हे दोन्ही विषय शिकवत. १९०५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुग्णांच्या घरच्या परिस्थितीकडे पाहणारा समाजसेवा विभाग त्यांनीच सुरू केला होता. नव्या औषधाची चाचणी घेतात तशी समाजकार्याचीही घेतली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

ग्लुएक यांचे आकडे पाहून त्यांना वाटले की मदत उशिरा पोहोचते आहे. मूल न्यायालयात येण्याआधीच त्याला एक जिव्हाळ्याचा मोठा मित्र मिळाला तर? हे तपासण्यासाठी त्यांनी बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरविल या गावांतील कामगारवस्त्यांमधली मुले निवडली. वय, बुद्धी, घर, शेजार आणि स्वभाव यांत सारख्या असलेल्या दोन-दोन मुलांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील कोणाला मदत द्यायची हे नाणे उडवून ठरवले. दुसरा मुलगा तुलना गटात गेला. त्याची फक्त माहिती घेतली गेली. 'वाईट मुलांची योजना' असा शिक्का बसू नये म्हणून नीट वागणारी मुलेही दोन्ही गटांत घेतली.

नाणे उडवणे हृदयशून्य वाटेल. पण गरजूंना निवडून मदत दिली असती, तर नंतरचा फरक मदतीमुळे पडला की मुळातच होता, हे कधी कळले नसते. प्रयोगशाळेत एका वेळी एकच चल बदलायचा हा नियम आपण जाणतो. माणसांच्या बाबतीत तो पाळण्याचा हा एक मार्ग आहे.

३. प्रत्यक्ष काम

१९३९ मध्ये काम सुरू झाले. त्याच वर्षी कॅबट वारले, पण योजना १९४५पर्यंत चालली. अखेरच्या हिशेबात ५०६ मुले होती, म्हणजे २५३ जोड्या. मदत सुरू झाली तेव्हा मुले सरासरी साडेदहा वर्षांची होती आणि मदत सरासरी पाच वर्षे मिळाली. समुपदेशक महिन्यातून सुमारे दोनदा, बहुधा मुलाच्या घरी जाऊन भेटत. निम्म्याहून अधिक मुलांना अभ्यासात शिकवणी मिळाली, शंभराहून अधिक मुलांना वैद्यकीय किंवा मानसोपचाराची मदत मिळाली आणि सुमारे एक चतुर्थांश मुलांना उन्हाळी शिबिरांना पाठवले गेले. महायुद्धामुळे काही समुपदेशक मध्येच सोडून गेले, हा एक दोष राहिला. तरीही इतकी दीर्घ मदत फार थोड्या योजना देतात.

४. निष्कर्ष

१९५१ मध्ये एडविन पॉवर्स आणि हेलन विट्मर यांनी पहिला अहवाल प्रसिद्ध केला. न्यायालयात जाण्याच्या बाबतीत दोन्ही गट जवळपास सारखे होते. फळ दिसायला वेळ लागेल, असे समर्थकांनी म्हटले.

पुढे जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने तीस वर्षांनंतर त्या मुलांचा शोध घेतला. ती आता मध्यमवयीन माणसे झाली होती. न्यायालये, इस्पितळे आणि मृत्यूच्या नोंदी तपासून, पत्रे पाठवून जवळजवळ सर्वांचा माग लागला. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश म्हणाले की योजनेचा आपल्याला उपयोग झाला. काहींना आपले समुपदेशक अजून आठवत होते.

नोंदी मात्र वेगळे सांगत होत्या. १९७८ मध्ये मॅकॉर्ड यांनी लिहिले की अनेक बाबतींत दोन्ही गट सारखेच आहेत. पण जिथे फरक आहे तिथे तो मदत मिळालेल्यांच्या विरुद्ध आहे. एकापेक्षा अधिक गुन्हे, दारूचे व्यसन, गंभीर मानसिक आजार, ताणाशी संबंधित विकार यांचे प्रमाण मदत मिळालेल्या गटात जास्त होते. ज्यांना मदत अधिक काळ आणि अधिक दाटपणे मिळाली, त्यांच्यात हानीही जास्त दिसली.

५. असे का झाले?

सुरुवातीला मॅकॉर्ड यांनी काही शक्यता मांडल्या : बाहेरच्या आधाराची सवय लागली असेल, किंवा अपेक्षा वाढून पुढे निराशा आली असेल. १९९९ मध्ये थॉमस डिशन आणि फ्रांस्वा पूलँ यांच्यासह त्यांनी आधीची माहिती पुन्हा चाळली, तेव्हा एक धागा सापडला. हानी मुख्यतः त्या मुलांमध्ये होती ज्यांना एकापेक्षा अधिक वेळा उन्हाळी शिबिराला पाठवले होते. देखरेख सैल असलेल्या जागी मुले एकमेकांना आपले पराक्रम सांगतात, बाकीचे हसून दाद देतात आणि ती दादच शिकवण ठरते. डिशन यांना अशा मुलांच्या गटांच्या इतर अभ्यासांतही हेच दिसले होते.

६. 'काहीच चालत नाही' आणि त्यानंतर

१९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन यांनी गुन्हेगारांच्या पुनर्वसनावरील २३१ अभ्यासांचा आढावा घेऊन निराशाजनक लेख लिहिला. 'काहीच चालत नाही' असा त्याचा अर्थ लावला गेला आणि कठोर शिक्षेच्या बाजूने तो वापरला गेला. १९७९ मध्ये मार्टिन्सन यांनीच आपले मत बदलले. काही उपाय योग्य परिस्थितीत उपयोगी पडतात असे त्यांनी कबूल केले. पण तोवर धोरण वळले होते.

कठोरपणा तरी चालला का? न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी किशोरांना दमदाटी करून तुरुंगाचे भय दाखवत. त्यावरील १९७८चा माहितीपट खूप गाजला. जेम्स फिनकनॉर यांनी तुलना गट घेऊन तपासले, तेव्हा भेट दिलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के मुलांनी नंतर गुन्हे केले आणि न दिलेल्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांनी.

काही उपाय या कसोटीवर टिकले. स्कॉट हेंगेलर आणि चार्ल्स बोर्डुइन यांनी विकसित केलेल्या बहुप्रणाली उपचारात चिकित्सक तीन ते पाच महिने मुलाच्या घरी जाऊन काम करतो. मुलाला एकटे गाठण्याऐवजी तो आईवडिलांचे बळ वाढवतो, शाळेशी बोलतो आणि वाईट संगतीपासून मुलाला दूर करतो. १९९५च्या मिझुरीतील अभ्यासात चार वर्षांत या गटातील सुमारे २६ टक्के मुलांना पुन्हा अटक झाली. नेहमीचे वैयक्तिक समुपदेशन मिळालेल्या गटात हे प्रमाण ७१ टक्के होते. कॅनडातील ओंटारिओत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे चांगला उपायही नव्या जागी पुन्हा तपासावा लागतो.

७. आपल्यासाठी

भारतात बालमार्गदर्शनाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र काढले. आजचा २०१५चा बालन्याय कायदा दोषी मुलासाठी अनेक पर्याय देतो : समज देऊन घरी पाठवणे, गट समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा, विशेष गृह. यातील गट समुपदेशन वाचताना ती शिबिरे आठवतात. गटात कोण मुले आहेत, कोण देखरेख करतो आणि दाद कशाला मिळते, यावर बरेच ठरेल. निरीक्षणगृहात तर मुले दिवसरात्र एकत्रच असतात.

या इतिहासातून 'मदत करू नका' असा अर्थ काढणे चूक ठरेल. कॅबट यांनी तुलना गट ठेवला नसता तर त्या दोन तृतीयांश लोकांच्या शब्दावर योजना यशस्वी ठरली असती आणि तशाच आणखी योजना निघाल्या असत्या. सद्भाव हवाच, पण आपण चुकत असू तर ते कळण्याची सोयही हवी. मुलांच्या अर्जावरचे 'हो' मी आजही आनंदाने वाचते. पुरावा म्हणून मात्र धरत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. तुलना गटातील मुलांना मदत नाकारणे नैतिक होते का? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करा.
२. लाभार्थींचे समाधान आणि योजनेचा परिणाम यांत फरक का पडू शकतो?
३. तुमच्या महाविद्यालयातील पालक-शिक्षक योजनेचा परिणाम तपासायचा असेल, तर कोणती माहिती, किती काळ गोळा कराल?