माळवदावरची माती

मिरग जवळ आला की घराच्या डागडुजीचा विषय निघतोच. यंदा आमच्या गटात चार जणींनी घरासाठी कर्ज मागितलंय, आणि चौघींचं म्हणणं एकच: माळवद काढायचं, स्लॅब टाकायचा. भिंतींचं काय, विचारलं तर म्हणाल्या, "त्या आहेत की, चांगल्या दोन हात रुंद." ते ऐकलं आणि आम्हाला किल्लारी आठवली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून माणसं नुकती झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जमीन हादरली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. याहून मोठे भूकंप जगात होतात आणि इतके जीव जात नाहीत. इथं जीव घेतले ते घरांनी.

ती घरं आपल्या ओळखीचीच. आतून एक दगडी थर, बाहेरून एक, आणि मधे दगडगोटे नि चिखलाची भर. भिंत दिसायला किल्ल्यासारखी, पण आतला थर बाहेरच्याला कुठं बांधलेलाच नव्हता. पूर्वीचे जाणते गवंडी अधूनमधून लांब दगड आरपार घालायचे. पुढे ते मागे पडलं. हादरा बसला तशी भिंत मधून उकलली, एक थर आत आणि एक बाहेर.

आणि वर माळवद. मैत्रिणींनो, इथं आपल्यालाही थोडं बोलून घ्यायला हवं. घर गळू नये म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी माळवदावर माती कोण टाकत होतं? पाट्या कुणाच्या डोक्यावर होत्या? जुनी माती कुणी काढली नाही, वर नवी पडत गेली. कुठं फूट, कुठं दीड, कुठं दोन फूट थर झाला. दहा बाय बाराच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे आठ टनांच्या आसपास ओझं. घर जपायला केलेल्या डागडुजीनंच घर जड झालं होतं.

तरी एक गोष्ट नीट ऐका. जिथं माळवद लाकडी खांब-तुळयांवर उभं होतं, तिथं कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या, पण छत खाली आलं नाही.

पुढची काही वर्षं मोठं काम चाललं. पार उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्यानं वसवली. बाकी गावांत दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण ठरलं. या कामात स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. ज्यांनी आजवर गवंड्याला फक्त चहा दिला होता, त्या आता त्याला प्रश्न विचारू लागल्या. भिंतीला अलगद भोक पाडून त्यात वाकवलेली सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतात. दाराच्या चौकटीवर सगळीकडून जाळी मारून सिमेंटचा पट्टा फिरवायचा. माळवदाची जादा माती उतरवायची आणि खाली प्लास्टिक अंथरायचं, म्हणजे दर साल भर घालायला नको. खांब नि तुळई जिथं जुळतात तिथं तिरप्या दांड्या ठोकायच्या. यात महागडं काय आहे सांगा? पुढे २००१ साली कच्छला भूकंप झाला, तेव्हा यातल्या बायका तिकडच्या बायकांना सांगायला गेल्या.

पण सगळं असं झालं नाही. दगडाची भीतीच एवढी बसली होती, की पुष्कळांनी मदतीच्या पैशांत जुनं घर तसंच ठेवून शेजारी वीट-सिमेंटची एक लहान खोली बांधली. त्यांना नावं ठेवायची आमची छाती नाही. ज्या घरानं लेकरू नेलं, त्याला सळया घालत कोण बसेल? तरी दगडाला दोष दिला आणि गवंड्याच्या हाताकडे कुणी पाहिलं नाही, हे आम्हाला खटकतं. शिवाय सिमेंटला पाणी लागतं. निदान सात दिवस, जमलं तर दहा, भिंत ओली राहायला हवी. मराठवाड्यात मे महिन्यात ते पाणी कुणाच्या हंड्यानं येतं, ते आपल्याला ठाऊक आहे. पाणी मिळालं नाही तर सिमेंटचंही बोटानं पीठ होतं.

आता आपल्या चौघींकडे येऊ. चार इंची स्लॅब त्याच खोलीवर तीन टनांच्या आत बसतो, म्हणजे जाड माळवदापेक्षा हलका. हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण माळवद खांबांवर होतं. खांब काढले की स्लॅब टेकणार कुठं? त्याच चिखलातल्या, मधून पोकळ भिंतीवर. ती उकलली तर स्लॅब अख्खाच्या अख्खा खाली येतो.

म्हणून गटानं ठरवलंय, कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी दोघी जणी घर बघून येतील. भिंतीला पोट आलंय का, कोपरे सुटलेत का, आरपार दगड किती दिसतात, खांब वाळवीनं खाल्लेत की शाबूत आहेत. खांब शाबूत असतील तर आधी माती उतरवायची. पहिलं घर परवा बघितलं. एका लांब भिंतीत आरपार दगड निघाले दोन, आणि माळवदावर माती होती सव्वा फूट. ती उतरवायला येत्या रविवारी आम्ही सगळ्या जणी टोपल्या घेऊन जाणार आहोत.