रोमच्या आधी जुन्नर

आपल्या वयाच्या मंडळींची युरोपची पहिली ट्रिप साधारण एकाच साच्यातली असते. जेमतेम सात-आठ दिवसांची रजा, आणि त्यात रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस! मग एक एक्सेल शीट बनते. कुठल्या गाडीने कुठे उतरायचं, कुठलं तिकीट आधी काढायचं, कुठल्या म्युझियमला सोमवारी सुट्टी. परवा एका मित्राची अशीच शीट बघत होतो. (हो, आम्ही एकमेकांच्या शीट्सचाही रिव्ह्यू करतो!) प्लॅन झकास होता. फक्त एक विचार डोक्यातून जाईना: एवढी मेहनत आपण घराजवळच्या इतिहासासाठी कधी का घेत नाही?

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघालं की साधारण दोन-अडीच तासांत जुन्नर. तिथे जाऊन आपण काय करतो? शिवनेरी चढतो, लेण्याद्रीच्या गणपतीचं दर्शन घेतो, नारायणगावला मिसळ खातो आणि रात्री परत. यात वाईट काहीच नाही. पण रोममध्ये जागोजागी फलक असतात, ऑडिओ गाईड असतो. जुन्नरला बराचसा मजकूर थेट दगडावर आहे, तोही ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत. तो वाचता येत नाही म्हणून 'पांडवांनी एका रात्रीत कोरलं' म्हणून आपण मोकळे होतो. म्हणजे इथल्या ट्रिपचं खरं प्लॅनिंग हॉटेल बुकिंगचं नाहीच. ते आहे वाचून जाण्याचं. तीन दिवस मिळाले तर मी ते असे लावीन.

पहिला दिवस: नाणेघाट

सुरुवात घाटापासून करायची, कारण जुन्नर हे गाव मुळात या वाटेमुळे मोठं झालं. कल्याण बंदराकडून आलेला माल कोकणातून वर चढायचा आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जायचा. वरच्या अरुंद खिंडीत एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, साधारणपणे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. रोमचं कोलोसियम सुरू झालं इ. स. ८० मध्ये. हा लेख त्याच्याही आधीचा!

लेखात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणेत किती गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी दिली त्याचे आकडे. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांसाठी खरी गंमत या आकड्यांत आहे. देशातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत हा लेख मोडतो. पण त्यात शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. १,७०० लिहायचे तर हजाराचं चिन्ह आणि त्यापुढे सातशेचं. आज आपण ज्या पद्धतीवर अख्खी इंडस्ट्री चालवतो, तिच्या आधीचं व्हर्जन इथे भिंतीवर आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता त्यांची पावलं आणि वरची नावं एवढंच उरलंय: सिमुक, नागनिका, सातकर्णी आणि इतर. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा, असं सांगतात.

दुसरा दिवस: लेणी आणि शिवनेरी

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत: तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री. एका दिवसात सगळी होणार नाहीत, त्यामुळे निवड करावी लागते. माझी निवड देवापेक्षा देणगीदारांवरून.

इथल्या तीन लेखांत देणाऱ्याने स्वतःला 'यवन' म्हटलंय. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, चंदाने लेण्याचा दर्शनी भाग. हे ग्रीक होते का? यवन शब्द मूळचा ग्रीकांसाठीचा, पण पुढे पश्चिमेकडून आलेल्या कुणालाही लागू लागला. नावं तर बऱ्यापैकी इथलीच वाटतात. एका युरोपीय पंडिताने इरिल आणि चिट यांच्या लेखांतल्या 'गत' शब्दावरून ते गॉथ असावेत असंही सुचवलं होतं, पण ते फारसं टिकलं नाही. काही का असेना, आपण युरोप बघायला निघायच्या दोन हजार वर्षं आधी तिकडचं म्हणवणारं कुणीतरी जुन्नरला येऊन पाण्याची सोय करून गेलंय. त्याच सुमारास रोममध्ये प्लिनी तक्रार करत होता, की भारताच्या व्यापारापायी साम्राज्याचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात.

बाकी देणगीदारही बघण्यासारखे आहेत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि टाकं दिलं. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा लेख मानमोडीला आहे. आणि एका लेखात चक्क बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसे गुंतवल्याची नोंद आहे. म्हणजे आपली फिक्स्ड डिपॉझिटच की!

दुपारनंतर शिवनेरी. १९ फेब्रुवारी १६३०ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कमी माहीत असतं ते हे, की १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घातला, पण जन्मगड मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. १६७५ मध्ये जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा इंग्रज डॉक्टर मुंबईहून जुन्नरला आला. बोलावणं इथल्या मोगल सुभेदाराचं. तो शिवनेरीवरही जाऊन आला आणि परतताना नाणेघाटाने उतरला. राज्याभिषेक होऊन गेला होता आणि गडावर अजून मोगल किल्लेदार होता! २०२५ मध्ये हा गड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, तो 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाखाली इतर अकरा किल्ल्यांबरोबर. जन्मखोलीसमोर हात जोडताना हे सगळं माहीत असलं, तर तिथे उभं राहणं वेगळं होतं.

तिसरा दिवस: आंबेगाव

मंचरहून घोडेगाव, पुढे डिंभे आणि मग भीमाशंकर. (देऊळ खेड तालुक्यात, पण वाट आंबेगावातून.) भीमाशंकरला मोठी पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर १७२९ साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा निरनिराळ्या देवळांत गेल्या, त्यांतली ही. चर्चमधली घंटा सह्याद्रीच्या जंगलात शंकरासाठी वाजते. एवढा इतिहास एका वस्तूत क्वचित सापडतो.

पण मी थांबीन ते डिंभे धरणाच्या काठावर. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव पडलं, ते मूळ गाव घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला आणि नाव बुडालेल्या गावाचं. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पुणे, अहिल्यानगर, सोलापूरपर्यंत पाणी गेलं, ऊस उभा राहिला, हे खरंच. पण ज्यांची घरं आणि भातखाचरं गेली त्यांची नावं कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याची दोन टाकी देणाऱ्या इरिलचं नाव आपल्याला माहीत आहे. एवढं मोठं धरण भरण्यासाठी आख्खं गाव देणाऱ्यांचं एकही नाव माहीत नाही.

म्हणून शीटमध्ये एक कॉलम वाढवा. 'काय बघायचं', 'किती वेळ' याच्या शेजारी 'हे कुणी दिलं'. आणि डिंभ्याच्या काठी कुणी म्हातारे आजोबा-आजी भेटले तर जरा बसा, गाव कुठे होतं ते विचारा. ते बोट दाखवतील तिकडे नुसतं पाणी दिसेल, पण ते सांगतील ते लिहून घ्या. हा लेख अजून कुणी कोरलेला नाही.

मित्राचं रोम पक्कं आहे, आणि त्याने जावंच. मी फक्त सुचवलंय, की निघायच्या आधी एक लाँग वीकेंड इकडे काढ. नाणेघाटातले ते आकडे बघून गेलास, तर कोलोसियमवरचे रोमन आकडे बघताना तुलना करायला हाताशी काहीतरी असेल.