मिशनऱ्यांचा आशियातील प्रवास आणि मुस्लिम समाजाचे उत्तर

ख्रिस्ती मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम धर्मांतर येते. त्यांच्या व आपल्या श्रद्धेत जो मतभेद आहे तो आहेच. तो लपविण्याचे कारण नाही. परंतु शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत या इतिहासाकडे आणखी एका नजरेने पाहणे उपयुक्त ठरेल. हे लोक परमुलखात आले तेव्हा त्यांनी कामाची सुरुवात कशी केली? आणि मुस्लिम समाजाने त्यांना कोणते उत्तर दिले?

इ. स. १७०६ मध्ये बार्थोलोमेअस झीगेनबाल्ग आणि हेन्रिक प्लुत्शाऊ हे दोन तरुण जर्मन धर्मोपदेशक तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे उतरले. हे बंदर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. भारतातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ येथून मानला जातो. झीगेनबाल्गने प्रथम तामिळ भाषा आत्मसात केली, छापखाना मिळविला आणि शाळा काढल्या. पुढे दोनशे वर्षे आशियाभर हाच क्रम चालू राहिला : आधी भाषा, मग छापखाना, मग शाळा.

१७९३ मध्ये विल्यम केरी बंगालमध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. व्यापारात व राज्यकारभारात अडथळा येईल ही तिला भीती. म्हणून त्याने डॅनिश अंमलाखालील श्रीरामपूरचा आश्रय घेतला. त्याचा पहिला बंगाली अनुयायी १८०० साली मिळाला, म्हणजे सात वर्षांनंतर. चीनमध्ये रॉबर्ट मॉरिसन १८०७ साली गेला. त्यालाही पहिल्या बाप्तिस्म्यासाठी १८१४ पर्यंत थांबावे लागले. ब्रह्मदेशात अडोनिराम जडसन १८१३ ते १८१९ असा सहा वर्षे थांबला. या काळात ही माणसे हात बांधून बसली नाहीत. मॉरिसनने प्रचंड चिनी-इंग्रजी कोश रचला. केरीने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठी कोश. या कामी त्याला वैजनाथशास्त्री या पंडितांचे साहाय्य होते. आपल्या भाषेचे व्याकरण एका परदेशी माणसाने दूर बंगालमध्ये बसून छापावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

कंपनीची बंदी १८१३ च्या सनदेने सैल झाली आणि त्याच वर्षी अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. पुढे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे त्यांचे मोठे केंद्र झाले. तेथून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. तेथेच मिस सिंथिया फॅरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले. जोतीराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अर्धवट सुटलेले शिक्षण त्यांनी पुन्हा सुरू करावे म्हणून त्यांच्या वडिलांचे मन वळविणाऱ्यांत गफार बेग मुन्शी हे शेजारी मुस्लिम गृहस्थ होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. शाळेतून मिळालेली विद्या मात्र त्यांनी हजारोंच्या दारी नेली.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. चीनमध्ये मिशनऱ्यांना अंतर्भागात जाण्याची मोकळीक १८५८ च्या तिएन्त्सिन तहाने मिळाली, आणि तो तह युद्धात पराभूत झालेल्या चीनवर लादलेला होता. त्याच तहसत्राने अफूचा व्यापारही कायदेशीर झाला. एकाच दाराने अफू आणि बायबल आत आल्यावर चिनी माणसाने त्यांत फरक कसा करावा? १९०० च्या बॉक्सर उठावात मिशनरी आणि हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले. कोरियात मात्र राज्य बळकावणारा होता जपान, मिशनरी नव्हे. तेथे मिशनने उपेक्षित हांगुल लिपीत ग्रंथ छापले आणि १८८६ साली एका विद्यार्थिनीवर ‘इव्हा’ ही मुलींची शाळा सुरू केली. १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील ३३ सह्यांपैकी १६ ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या होत्या. २०१५ च्या जनगणनेत दक्षिण कोरियातील सुमारे पाचवा हिस्सा लोकांनी आपण प्रॉटेस्टंट असल्याचे सांगितले. तोफेच्या छायेत आलेला उपदेश आणि लोकांच्या दुःखात सहभागी झालेला उपदेश यांच्या फळांत असे अंतर पडते.

आता आपल्या उत्तराकडे वळू. १८५४ च्या एप्रिलमध्ये आग्रा येथे मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी फांडर यांचा जाहीर मुनाझरा झाला. मौलानांचे सहकारी डॉ. वझीर खान यांनी युरोपातील विद्वानांचे बायबलविषयक ग्रंथ अभ्यासले होते. त्या अभ्यासापुढे फांडर निरुत्तर झाला, असे त्या काळच्या मुस्लिमांचे मत पडले. १८५७ नंतर मौलानांना देश सोडून मक्केला जावे लागले. तेथे त्यांनी ‘मदरसा सौलतिया’ उभारला. कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगम या दानशूर महिलेने त्यास द्रव्य दिले आणि मदरशाला तिचेच नाव लाभले. वादविवादात नावाजलेल्या विद्वानाने आपले उरलेले आयुष्य एका शिक्षणसंस्थेला दिले, हे ध्यानात घ्यावे.

बैरुतमध्येही असेच घडले. अमेरिकन मिशनने १८६६ साली काढलेले महाविद्यालय आज ‘अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरुत’ म्हणून प्रसिद्ध आहे. मिशनच्या शाळा वाढताना पाहून तेथील मुस्लिमांनी केवळ निषेधावर समाधान मानले नाही. १८७८ मध्ये त्यांनी ‘मकासिद’ ही संस्था स्थापन केली आणि प्रारंभीच मुलींच्या शाळा काढल्या. इंडोनेशियात अहमद दहलान यांनी १९१२ साली ‘मुहम्मदिया’ची स्थापना केली. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा धडा डोळ्यांसमोर ठेवून ही संस्था वाढली आणि आज ती हजारो शाळा, रुग्णालये व विद्यापीठे चालविते. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम (१८७४) आणि सर सय्यद अहमद खान यांचे अलिगढचे कार्य (१८७५) याच काळातले. आपल्या सोसायटीसारख्या संस्था त्याच वाटेवर चालत आहेत.

या साऱ्यातून पालकांनी व विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? परक्या माणसाने आपली भाषा शिकण्यासाठी आयुष्य वेचले. मग आपल्या मुलांना उर्दूबरोबर उत्तम मराठी व इंग्रजी का येऊ नये? त्यांनी एका विद्यार्थिनीवर शाळा चालविली. मग दहावी झालेल्या मुलीला घरी बसविताना आपला हात का थरथरत नाही? त्यांनी पहिल्या फळासाठी सात वर्षे वाट पाहिली. आपण मात्र एका नापास निकालावर मुलाला गॅरेजमध्ये किंवा दुकानावर पाठवितो. ज्या धर्मग्रंथाच्या अवतरणाचा आरंभ वाचण्याच्या आज्ञेने झाला, त्या ग्रंथाच्या अनुयायांना विद्येचे महत्त्व इतरांनी सांगण्याची वेळ येऊ नये. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आपल्या मोहल्ल्यातील एकही मुलगी वा मुलगा घरी राहणार नाही, एवढे पाहिले तरी मौलानांच्या आणि सौलतुन्निसा बेगमांच्या वारशाशी आपण इमान राखले असे होईल.