टीका लिहिणे, टीका करणे

ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका लिहिली असे आपण म्हणतो, टीका केली असे कधीच म्हणत नाही. क्रियापद बदलले की अर्थ पालटतो. लिहिलेली टीका म्हणजे मूळ ग्रंथ उलगडून सांगणे, केलेली टीका म्हणजे दोष दाखवणे, तेही बहुधा चारचौघांत. संस्कृतात टीका म्हणजे विवरणच. दोषदर्शनाची छटा मराठीत मागाहून चढली आणि आता रोजच्या बोलण्यात तीच उरली आहे.

वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या वर्गात मात्र हे दोन्ही अर्थ एकाच तासात लागतात. मुळांतले पाणी शेंड्यापर्यंत कसे चढते, पर्णरंध्रे कधी उघडतात, फुलायची वेळ झाडाला कशी कळते, हे सगळे वनस्पतींच्या शरीरक्रियाशास्त्रात येते. ते नुसत्या पाठ्यपुस्तकातून शिकले तर प्रत्येक गोष्ट कधीचीच सिद्ध झाल्यासारखी वाटते. म्हणून एकेका विद्यार्थ्याला एकेक शोधनिबंध देतात. त्याने तो वर्गापुढे मांडायचा, बाकीच्यांनी तपासायचा. मुलांच्या तोंडी याला ‘पेपर प्रेझेंट करणे’ म्हणतात, नाहीतर ‘आज माझा सेमिनार आहे’.

सेमिनार हा शब्द तर थेट शेतातून आलेला. लॅटिनमध्ये ‘सेमेन’ म्हणजे बी आणि ‘सेमिनारियुम’ म्हणजे रोपवाटिका. पुढे जर्मन विद्यापीठांनी अठराव्या शतकात हे नाव अभ्यासवर्गाला दिले. पेपरचे मूळही झाडाचेच: पपायरस, नाईलच्या पाणथळीत माणसापेक्षा उंच वाढणारी, आपल्या लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती. तिचे प्रकाशसंश्लेषण उसासारखे सी-४ पद्धतीचे असते, आणि ही पद्धत १९६०च्या दशकात उलगडली तीही प्रामुख्याने उसावरच्या प्रयोगांतून. पेपर हातात घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे जरूर सांगावे.

‘निबंध’ म्हणजे बांधणे. हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्रातला निबंध, म्हणजे जुन्या वचनांची पद्धतशीर बांधणी. १८७४ साली चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली तोवर शब्द लेखकाच्या स्वतःच्या विचाराकडे वळला होता. शोधनिबंधात दोन्ही लागते.

खरी मौज आहे ती या तपासण्यासाठीच्या इंग्रजी ‘क्रिटिक’ या शब्दात. ग्रीक ‘क्रिनेन’ म्हणजे वेगळे करणे, निवडणे. लॅटिनमधला चाळणीचा शब्दही त्याच धातूचा. आपल्याकडे संस्कृत ‘विच्’ धातूचा अर्थ अगदी तोच, आणि ‘वि’ उपसर्ग लागला की कोशात धान्य पाखडून निवडणे असाही अर्थ सापडतो. त्यातूनच विवेक आणि विवेचन हे शब्द आले. म्हणून वर्गातल्या या कामाला मी ‘विवेचन’ म्हणेन. सुपात पाखडताना फोल उडते, पण हात असतो तो दाणे राखण्यासाठी. नवखा विद्यार्थी पेपर फाडायला निघतो, ‘नमुने कमीच आहेत’ म्हणतो आणि खाली बसतो. नमुने किती हवे होते, का हवे होते, आणि इतक्या नमुन्यांतूनही काय ठरते, हे सांगितले तर ते विवेचन झाले.

याला एबीपी१ची गोष्ट फार उपयोगी पडते. ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक, नावही ग्रीकमधल्या ‘वाढणे’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले. ते ज्याला चिकटते असे एक प्रथिन म्हणजे एबीपी१. २००१ साली अरॅबिडॉप्सिसवर, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगशाळेत सर्वत्र वाढवल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीवर, काम प्रसिद्ध झाले: या प्रथिनाचा जनुक बिघडला की गर्भ बीजातच मरतो. साहजिकच एबीपी१ अत्यावश्यक ठरले आणि पुढची कित्येक वर्षे त्यावर निबंधांमागून निबंध रचले गेले. २०१५ साली क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राने नेमका हाच जनुक निकामी केलेली रोपे वाढवली गेली, तर ती इतर रोपांसारखीच निकोप. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने कोडे सोडवले: जुन्या रोपांत शेजारच्या बीएसएम या जनुकालाही धक्का लागलेला होता आणि गर्भ मरत होता तो त्यामुळे.

टीका करणारा इथे थांबेल आणि २००१चे काम चुकीचे म्हणून मोकळा होईल. पण तिथले निरीक्षण खोटे नव्हते. गर्भ खरोखरच मरत होते. कोलमडले ते निरीक्षणावरून काढलेले कारण. आकृती आणि तिच्याखालचे वाक्य यांच्यात बोटभर फट असते, ती दिसू लागणे हेच या तासाचे शिक्षण. ती पाठ करून दिसत नाही. निबंध स्वतःच्या शब्दांत उलगडून सांगताना, म्हणजे आधी जुन्या अर्थाने त्यावर टीका लिहिल्यावर, आपलाच आवाज जिथे अडखळतो तिथे ती सापडते.

आणि पाखडणे एकदाच होत नाही. २०२२ साली एका निबंधाने एबीपी१ पुन्हा पुढे आणले: गर्भाच्या मरण्याशी संबंध नसला, तरी पेशीच्या बाहेरच्या बाजूला ऑक्सिन ओळखण्यात आणि पटकन उमटणाऱ्या प्रतिसादात त्याचा वाटा आहे, असे त्यात मांडले आहे. हे तिन्ही टप्पे कालक्रमाने, तीन वेगळ्या मुलांकडून मांडून घ्यावेत. तिसऱ्याच्या वेळी वर्गातून प्रश्न यायलाच हवेत: उत्परिवर्तन एकच आहे, की दोन? शेजारचा जनुक तपासला का? मूळ जनुक परत घातल्यावर रोप पूर्ववत झाले का?