खुल्या फर्मवेअरमधील बंद पेटी

१/ संगणक सुरू होताच सर्वप्रथम जागे होते ते फर्मवेअर. १९९९ साली अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी खुल्या ‘लिनक्सबायोस’चा पाया घातला. २००८ मध्ये त्याचे नाव ‘कोअरबूट’ झाले.

२/ परंतु हार्डवेअरचा तपशील उत्पादकांच्याच हाती राहिला. इंटेलच्या नव्या चिपांवर मेमरी सज्ज करते ती ‘एफएसपी’ ही बंद बायनरी. तिचा मूळ कोड खुला नाही. नेहालेम पिढीपासून तर ‘मॅनेजमेंट इंजिन’चे फर्मवेअर पूर्ण पुसल्यास संगणक साधारण अर्ध्या तासात बंद पडतो.

३/ तरीही सँडी ब्रिज पिढीसाठी स्वयंसेवकांनी बायनरीचे वर्तन अभ्यासून मेमरी सज्ज करणारा खुला कोड स्वतः लिहिला. पेटी उघडली, मात्र तोवर चिपांच्या पुढच्या पिढ्या नव्या पेट्यांसह बाजारात आल्या होत्या.